सारखं इन्फेक्शन होतंय? सीबीसी नीट वाचा

वर्षभरात दोनदा न्यूमोनिया, तोंडात भरून न येणाऱ्या जखमा, एक गळू बसलं की दुसरं. अशा वेळी ‘प्रतिकारशक्ती कमी झालीय’ म्हणत आपण काढ्यावर भागवतो. पण या शक्तीचा मोठा भाग रक्तातल्या पांढऱ्या पेशींत असतो आणि त्या मोजता येतात. सीबीसी या रक्तपेशी मोजणाऱ्या तपासणीच्या रिपोर्टमध्ये एकूण पांढऱ्या पेशींखाली न्यूट्रोफिलची टक्केवारी छापलेली असते. एकूण 3,000 आणि न्यूट्रोफिल 20 टक्के, म्हणजे जिवाणूंशी लढणाऱ्या पेशी उरल्या फक्त 600. मोठ्या माणसात हा आकडा साधारण 1,500 च्या खाली गेला की कमी धरतात. 500 च्या खाली असताना ताप आला, तर लगेच हॉस्पिटल गाठावं लागतं. उलटही घडतं: अक्यूट ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगात एकूण आकडा प्रचंड वाढलेला असू शकतो, पण त्यात भरणा अपक्व, निरुपयोगी पेशींचा.

कुणी म्हणेल, लहान मुलांना तर सारखीच सर्दी होते. खरंय, बालवाडीतल्या मुलाला वर्षातून सहा-आठ वेळा होणं स्वाभाविक आहे. मोठ्यांमध्येही आधी मधुमेह तपासावा, तो कितीतरी जास्त आढळतो. म्हणूनच नुसत्या संसर्गाने घाबरू नये; सोबत फिकटपणा, न लागता उठणारे काळेनिळे डाग, हिरड्यांतून रक्त, उतरतं वजन आहे का ते पाहावं. साठीनंतर वारंवार न्यूमोनिया, पाठीची हाडं दुखणं आणि कमी हिमोग्लोबिन एकत्र आलं, तर मायलोमा या रक्ताच्या कर्करोगाचा विचार व्हायलाच हवा. त्यात पांढऱ्या पेशींचा आकडा नॉर्मल दिसू शकतो, कारण बिघाड अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशींत असतो. त्यासाठी सीरम प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस ही वेगळी तपासणी डॉक्टरांना विचारून करून घ्यावी.