आडनाव लपवून संघभावना कशी येणार?

ठाणे-बेलापूर रस्त्याने ऐरोलीहून तुर्भ्याकडे निघाले की काचेच्या उंच इमारती लागतात. एकेकाळी या टीटीसी औद्योगिक पट्ट्यात रसायने, औषधे आणि यंत्रांचे कारखाने गजबजलेले होते. आज त्यातल्या कित्येक जागांवर आयटी पार्क उभे आहेत. आपल्या वस्त्यांमधली मुले-मुली इंजिनिअरिंग करून, एमसीए करून गळ्यात ओळखपत्राची पट्टी अडकवून या इमारतींत जाऊ लागली, ही बाबासाहेबांच्या शिक्षणाच्या चळवळीची कमाई आहे. तिचा अभिमान जरूर बाळगावा. पण आत गेलेल्या आपल्या मुलाला तेथे मोकळेपणाने तोंड उघडता येते काय, हा प्रश्नही विचारला पाहिजे.

हा प्रश्न केवळ मानापमानाचा नाही, त्या धंद्याच्या मुळाशीच तो आहे. सॉफ्टवेअर ही एकट्याने करायची गोष्ट नव्हे. बँकेच्या कर्जव्याजाचा प्रोग्रॅम घ्या. एकजण ग्राहकाची गरज समजून घेतो, दुसरा आराखडा करतो, तिसरा कोड लिहितो, चौथा तो तपासतो आणि टेस्टर तो मोडतो कसा हे शोधतो. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतील युटा राज्यात १७ प्रोग्रॅमर जमले आणि त्यांनी 'अजाईल' पद्धतीचा जाहीरनामा काढला. त्याचा गाभा असा की, कागदी प्रक्रियेपेक्षा माणसे आणि त्यांचा आपसातला संवाद मोलाचा. ऐरोली असो वा महापे, रोज सकाळी टीम उभ्याने बैठक घेते आणि काल काय केले, आज काय करणार, अडले कुठे, हे प्रत्येकाने सांगायचे असते. गुगलने आपल्या सुमारे १८० टीमचा अभ्यास केला, तेव्हा यशस्वी टीमचे पहिले लक्षण निघाले ते हेच, की तिथे चूक दाखवायला, अडाणी वाटेल असा प्रश्न विचारायला कोणाला भीती वाटत नाही.

आता विचार करा. २९ फेब्रुवारीला व्याजाचा हिशेब चुकतो, हे एका नव्या टेस्टरच्या लक्षात आले. त्याच दिवशी सांगितले तर दुरुस्ती तासाभराची. बँकेत प्रोग्रॅम बसल्यावर ती चूक निघाली तर हजारो खाती तपासावी लागतील. पण ज्याने वर्षभर आडनाव विचारले जाईल म्हणून डबा वेगळा बसून खाल्ला, 'कोट्यातून आलास का?' हा टोमणा हसून गिळला, जो १४ एप्रिलची रजाही दुसरे कारण सांगून घेतो, तो वरिष्ठाच्या कामातली चूक चारचौघांत दाखवील काय? तो गप्प बसतो आणि त्याच्याबरोबर एक नवी कल्पनाही गप्प बसते. नवनिर्मिती अशीच मरते.

'आयटीत जात नसते, तिथे फक्त मेरिट चालते,' असे सांगणारे पुष्कळ भेटतात. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास त्यांनी वाचावा. खासगी कंपन्यांच्या ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज धाडण्यात आले. पात्रता सारखी, फरक फक्त नावांचा. सवर्ण नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणे येण्याची शक्यता साधारण एक तृतीयांशाने कमी निघाली. अर्ज उघडण्याआधीच मेरिट ठरले होते!

टीम जमते कशी, तेही पाहू. नरेंद्र पटणी यांनी १९७८ मध्ये सुरू केलेल्या पटणी कॉम्प्युटर सिस्टिम्सचे पुढे ऐरोलीत मोठे संकुल झाले. ही कंपनी २०११ मध्ये आयगेटकडे आणि २०१५ मध्ये कॅपजेमिनीकडे गेली. याच पटणीत एकत्र काम केलेल्या नारायण मूर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये इन्फोसिस काढली. दहा हजार रुपयांच्या भांडवलाची ती गोष्ट सर्वांना पाठ आहे. पण खरे भांडवल होते एकमेकांवरचा विश्वास आणि उत्तम शिक्षणातून जमलेल्या ओळखी. ते आमच्या मुलांना वारसाहक्काने मिळत नाही. आज कंपन्यांत नोकरदारांच्या शिफारशीवरून भरती होते. ज्याच्या ओळखीत आपला माणूस नाही, तो शिफारस कोणाची करणार? खासगी क्षेत्राला आरक्षण नाही. २००४ चा किमान समान कार्यक्रम आणि २००६ ची उद्योगसंघटनांची ऐच्छिक आचारसंहिता यांतून कायदा काही झाला नाही.

जात विमानाने अमेरिकेतही पोहोचली. सिस्को कंपनीतील दलित अभियंत्याला सवर्ण व्यवस्थापकांनी डावलले, असा दावा कॅलिफोर्निया राज्याने २०२० मध्ये केला. कंपनीने आरोप नाकारले आणि २०२३ मध्ये दोन व्यवस्थापकांवरचा दावा मागे घेण्यात आला. पण प्रश्न जगासमोर आला. अ‍ॅपलने आपल्या नियमांत जातीचा स्पष्ट उल्लेख केला. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिएटल शहराने जातिभेदावर बंदी घातली. मग जातीची जन्मभूमी असलेल्या देशातल्या कंपन्यांना तो शब्द लिहायला लाज का वाटावी?

जात ही कामाची नव्हे तर काम करणाऱ्या माणसांचीच वाटणी करते, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्येच दाखवून दिले. वाटली गेलेली माणसे टीम होत नाहीत. भगवान बुद्धांनी न्हावी कुळातल्या उपालीला शाक्य राजपुत्रांच्या आधी दीक्षा दिली. संघातला मान जन्मावर नव्हे, दीक्षेच्या क्रमावर ठरे. म्हणून राजपुत्रांनी त्याला वंदन केले आणि राजगृहाच्या पहिल्या संगीतीत विनय सांगण्याचा अधिकार त्याच उपालीला मिळाला. संघ म्हणजे काय, हे शिकायला परदेशी व्यवस्थापनशास्त्राकडेच जायला हवे असे नाही.

तेव्हा मागणी स्पष्ट हवी. नवी मुंबईतील प्रत्येक आयटी कंपनीने आपल्या भेदभावविरोधी नियमांत 'जात' हा शब्द लिहावा. पहिली कोडिंग चाचणी नाव-आडनाव झाकून तपासावी. तक्रार समितीत बाहेरचा निःपक्ष सदस्य असावा. रात्री त्याच इमारतीचे मजले पुसणाऱ्या कंत्राटी कामगारालाही हे नियम लागू असावेत, कारण तो बहुधा आपल्याच वस्तीतला असतो.

आणि आपणही हात बांधून बसू नये. ऐरोलीत महापालिकेने उभारलेल्या बाबासाहेबांच्या स्मारकात ग्रंथालय आहे. आत पोहोचलेल्या अभियंत्यांनी आठवड्यातून एक संध्याकाळ दिघा-तुर्भ्याच्या मुलांसाठी द्यावी, मुलाखतीची तयारी करून घ्यावी, पात्र मुलाची शिफारस बेधडक करावी. ओळखींचे भांडवल वारशाने मिळाले नसेल, तर ते संघटनेने उभे करता येते. एकटा माणूस आडनाव लपवतो. दहाजण सोबत असले की ते ताठ मानेने सांगता येते.

जयभीम!