एक माणूस, १७ टन आणि १६६ लॉक

लंडनच्या पश्चिमेला ब्रेंटफर्डपाशी ग्रँड युनियन कालवा थेम्स नदीतून निघतो आणि १३७ मैलांवर, म्हणजे सुमारे २२० किलोमीटरवर, बर्मिंगहॅमला पोहोचतो. या दोन शहरांमधली वेगवान रेल्वे दीड तासाच्या आत धावते. नॅरोबोटीला, म्हणजे इथल्या कालव्यांवरच्या लांब, अरुंद बोटीला, याच प्रवासासाठी शंभरावर तास लागतात. सरासरी काढली तर ताशी सव्वादोन किलोमीटर. काठाच्या पायवाटेने कुणी रमतगमत चालत निघालं, तरी तो माणूस बोटीच्या कितीतरी आधी पोहोचेल.

यात इंजिनाचा दोष नाही. कालव्यावर वेगमर्यादाच ताशी ४ मैलांची आहे, आणि काठाला बांधलेल्या बोटींजवळून जाताना त्याहूनही हळू जायचं असतं. खरा वेळ जातो तो लॉकमध्ये. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेली विटांची किंवा काँक्रीटची लांबट पेटी. बोट आत घ्यायची, दरवाजे लावायचे, पाणी भरायचं किंवा सोडायचं, बोट वर चढली किंवा खाली उतरली की दुसऱ्या टोकाने बाहेर काढायची. कालव्याला डोंगर चढायचा तो असा, एकेका पेटीने. ब्रेंटफर्ड ते बर्मिंगहॅम या वाटेवर अशा १६६ पेट्या आहेत.

म्हणून बोटवाले नुसते मैल मोजत नाहीत. एक लॉक म्हणजे एक मैल धरायचा, तो खऱ्या मैलांत मिळवायचा आणि बेरजेला तीनाने भागायचं, हा त्यांचा हिशेब. १३७ अधिक १६६ म्हणजे ३०३. भागिले तीन, १०१ तास. एकट्या माणसाने दिवसाला सहा तासांपेक्षा जास्त धरू नयेत, असं माझं ठाम मत आहे. पाणी भरणं, डिझेल, जेवण, अंधार पडायच्या आत बांधायला जागा शोधणं, हे सगळं त्या सहा तासांच्या बाहेरचं असतं. म्हणजे सतरा दिवस. ताशी सव्वा लिटर डिझेल धरलं, तर सगळ्या प्रवासाला सव्वाशे लिटर.

आता बोट. एकट्याने लांब जायचं तर ५७ फुटी बोट सोयीची. इंग्लंडचे बहुतेक सगळे कालवे ती पार करू शकते. ७० फुटी बोट मात्र उत्तरेकडच्या लीड्स-लिव्हरपूल कालव्याच्या तोकड्या लॉकमध्ये मावत नाही. लांबीचं असं, पण रुंदीला पर्यायच नाही: ६ फूट १० इंच. अठराव्या शतकात जेम्स ब्रिंडली या इंजिनिअरने मध्य इंग्लंडच्या कालव्यांसाठी सुमारे ७ फूट रुंदीचे लॉक ठरवले. अरुंद लॉक बांधायला स्वस्त आणि त्याला पाणीही कमी लागतं. आज इंग्लंड आणि वेल्समध्ये तीस हजारांहून जास्त परवानाधारक बोटी आहेत. त्यांतल्या बहुतेक नॅरोबोटी, आणि कित्येकांत माणसं बारा महिने राहतात. त्यांच्या घराची रुंदी अडीचशे वर्षांपूर्वीच्या त्या निर्णयाने ठरवलेली आहे.

तळाला १० मिलिमीटर जाडीचा पोलादी पत्रा, बाजूंना ६ मिलिमीटरचा, आत स्टोव्ह, बिछाना आणि पाण्याची टाकी. अशी बोट साधारण १७ टन भरते. हा आकडा ऐकून एकट्याने जाऊ पाहणारा माणूस धास्तावतो. पण धक्क्यावर उभं राहून दोर हळूहळू ओढला, तर हे १७ टन एका माणसाच्या ताकदीने हलतात. लगेच नाही, काही सेकंद काहीच होत नाही, मग पोलाद सरकू लागतं. थांबवतानाही तेवढाच धीर लागतो, दोर खुंटाला गुंडाळून. घाईने हाताने अडवायला गेलं, तर बोटं चिरडतात.

कालवे खोदले गेले तेच या एका गुणापायी. घोड्याच्या पाठीवर लादता येई सव्वाशे किलो माल. तोच घोडा कालव्याच्या काठाने चालत ५० टनांची बोट ओढत असे. ओझं चारशे पट! १७६१ मध्ये ड्यूक ऑफ ब्रिजवॉटरने आपल्या खाणीतला कोळसा कालव्याने मँचेस्टरला आणला आणि तिथे कोळशाचा भाव निम्म्यावर उतरला. पुढच्या सत्तर-ऐंशी वर्षांत ब्रिटनमधल्या जलमार्गांचं जाळं सुमारे ४,००० मैलांवर गेलं.

आपल्या या २२० किलोमीटरपुरता ढोबळ हिशेब मांडून पाहा. वर १२ मीटर, तळाला ७ मीटर रुंद आणि दीड मीटर खोल असा चर धरला, तर खोदायची माती होते ३१ लाख घनमीटर. टेकड्या फोडून काढलेली माती आणि बंधाऱ्यांसाठी टाकलेली भर यात धरलेलीच नाही. हे काम फावड्यांनी, कुदळींनी आणि ढकलगाड्यांनी झालं. पाणी झिरपू नये म्हणून तळाला ओली चिकणमाती मळून, तुडवून तिचा थर बसवला. त्या थरावर आज ३१० कोटी लिटर पाणी उभं आहे.

एकट्याने लॉक पार करताना काय करावं लागतं, ते नीट सांगायला हवं. वर चढायचं आहे असं समजा. बोट लॉकच्या अलीकडे बांधायची. झडपा फिरवायचं विंडलास नावाचं लोखंडी हँडल घेऊन चालत जायचं आणि लॉक रिकामा आहे का ते बघायचं. भरलेला असेल तर खालच्या झडपा उघडून तो रिकामा करायचा. दरवाजा उघडायचा, मागे यायचं, बोट आत घालायची. मग हातात दोर घेऊन भिंतीतल्या शेवाळलेल्या लोखंडी शिडीने वर. दरवाजा लावायचा, वरच्या झडपा थोड्या थोड्या उघडायच्या आणि दोर ताणत बोटीकडे लक्ष ठेवायचं. पाणी भरलं की वरचा दरवाजा उघडायचा, झडपा बंद करायच्या, बोट बाहेर काढून बांधायची आणि परत येऊन दरवाजा लावायचा. दोघं असली की एक बोटीवर आणि एक काठावर असतो; एकट्याला दोन्ही जागी असावं लागतं. दर लॉकमागे २०० मीटर चाल धरली, तर १६६ लॉकमध्ये ३३ किलोमीटर पायपीट नुसती लॉकभोवतीच होते.

दरवाजे ओक लाकडाचे, वजन काही टन. त्यांना बाहेर आलेली लांब तुळई असते. तिला पाठ लावून पायांनी रेटायचं. पण दोन्ही बाजूंच्या पाण्यात १० सेंटिमीटरचा जरी फरक असेल, तरी दरवाजाच्या ५ चौरस मीटर भागावर अर्ध्या टनाचा दाब येतो. मग कितीही जोर लावा, दरवाजा हलत नाही. पातळी एक व्हायची वाट बघायची. ती झाली की तोच दरवाजा सावकाश, सहज फिरतो. मला या सगळ्यात सर्वांत विलक्षण वाटतं ते हेच: टनांनी मोजायचं एवढं मोठं यंत्र, पण एका माणसाच्या अंगाला पेलेल अशा बेताने बांधलेलं. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ नंतर, स्वयंसेवक तरुणींनी याच कालव्यावर मालवाहतूक केली. तिघी मिळून जोडीच्या दोन बोटी, त्यांत सुमारे ५० टन माल. लंडनहून निघून परत यायला तीन आठवडे.

उतरताना धोका जास्त असतो. वरच्या दरवाजाखाली लॉकच्या आत दगडी उंबरा पुढे आलेला असतो. पाणी उतरताना बोटीचा मागचा भाग त्याच्यावर अडकला, तर पुढचा भाग खाली जात राहतो आणि बोट काही मिनिटांत बुडू शकते. एकटा माणूस त्या वेळी काठावर असतो आणि बोट रिकामी. म्हणून दोर हातात, नजर भिंतीवर उंबरा दाखवणाऱ्या पांढऱ्या खुणेवर, आणि शंका आली की आधी झडप बंद.

सगळे लॉक सारखे नसतात. लंडनजवळचा डेनम डीप लॉक ११ फूट १ इंच उंचीचा, या कालव्यावरचा सर्वांत खोल. त्यात ३ लाख लिटरच्या वर पाणी भरतं. पुढे फेनी स्ट्रॅटफर्डचा लॉक आहे १ फूट १ इंचाचा. पाणी दहापट कमी, पण दरवाजे तेवढेच, झडपा तेवढ्याच, आणि वर लॉकवरून आडवा जाणारा फिरता पूल. तेरा इंचांसाठी एकट्या माणसाला सगळी कामं करावी लागतात, शिवाय पूल फिरवायचा.

पाण्याचा हिशेब तर मन थक्क करणारा आहे. ब्रेंटफर्डहून निघालेला कालवा पन्नासहून अधिक लॉक चढून ट्रिंगच्या माथ्यावर समुद्रसपाटीपासून सुमारे १२० मीटरवर जातो आणि मग पलीकडे उतरतो. रुंद लॉकची सरासरी चढण ७ फूट धरली, तर एका लॉकचं पाणी होतं २ लाख लिटर. पन्नास लॉक म्हणजे एक कोटी लिटर, असं मात्र नाही. वरच्या लॉकने सोडलेलं पाणीच खालच्या लॉकला मिळतं, त्यामुळे अख्ख्या चढणीला माथ्यावरून एकाच लॉकचं पाणी जातं. चढताना एक आणि उतरताना एक, असे ४ लाख लिटर. मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात गावात येणारा टँकर १० हजार लिटरचा धरला, तर ४० टँकर. एका माणसाची एक बोट माथा ओलांडते तेव्हा. या माथ्याला पाणी पुरवण्यासाठीच ट्रिंगला चार तलाव बांधले. रुंद लॉकमध्ये दोन नॅरोबोटी शेजारी शेजारी बसतात. म्हणून मागून बोट येताना दिसली की थांबावं: पाणी निम्मं, आणि एकट्या माणसाला कामात सोबत.

वाटेतला ब्लिसवर्थचा बोगदा सुमारे २.८ किलोमीटरचा, १८०५ साली खुला झालेला. आत पायवाट नाही. घोडा टेकडीवरून नेत आणि माणसं फळीवर आडवी पडून भिंतीला पाय लावत बोट चालवत. आज इंजिनाने चाळीस मिनिटं लागतात, आणि तेवढा वेळ सुकाणूचा दांडा सोडता येत नाही. समोरून दुसरी बोट येऊ शकते. दोघींना जेमतेम पुरेल एवढी रुंदी आहे. वळण्याची गोष्टही आधी नकाशावर पाहावी. १७ मीटरहून लांब बोट १०-१२ मीटर रुंद कालव्यात फिरणार कशी? त्यासाठी काठ मुद्दाम आत खोदलेल्या जागा ठरलेल्या असतात. ती एक चुकली, तर पुढच्या जागेपर्यंत जाणं भाग.

वॉरविकच्या पुढे हॅटनची रांग. दोन मैलांत २१ लॉक, एकूण चढण ४५ मीटर. १७९९ चे जुने अरुंद लॉक शेजारी अजून दिसतात. सध्याचे रुंद लॉक १९३४ मध्ये सुरू झाले. १७ टन ४५ मीटर वर न्यायला लागणारी ऊर्जा विजेच्या भाषेत फक्त दोन युनिटं, आणि तीही पाणीच पुरवतं. माणसाने फक्त झडपा आणि दरवाजे हलवायचे. तरीही एकट्याला अख्खा दिवस द्यावा लागतो. सकाळी लवकर निघावं आणि कालव्यावर मदत करणारे स्वयंसेवक भेटले तर संकोच न करता हो म्हणावं.

निघायची तारीख ठरवताना दुरुस्तीचं वेळापत्रक आधी पाहावं. ओकचे दरवाजे सुमारे २५ वर्षं टिकतात. ते बदलण्यासाठी नोव्हेंबर ते मार्च या काळात लॉक रिकामे करून वाट बंद ठेवतात. इंग्लंड आणि वेल्समधले २,००० मैल जलमार्ग आणि त्यांना पाणी देणारे ७० हून अधिक जलाशय २०१२ पासून कॅनल अँड रिव्हर ट्रस्ट ही धर्मादाय संस्था सांभाळते. कुठे काय बंद आहे ते तीच जाहीर करते. माझ्या मते मे महिना चांगला. उजेड पंधरा-सोळा तास असतो आणि काठावरची गर्दी अजून वाढलेली नसते.

आणि १३७ मैल संपले म्हणून सतराव्या दिवशी हॉटेलात टेबल राखून ठेवू नये. शहराच्या मध्यभागी, गॅस स्ट्रीटच्या धक्क्यापाशी जायचं, तर बॉर्डस्ली जंक्शनच्या पुढे अॅश्टेडचे ६ आणि फार्मर्स ब्रिजचे १३ असे आणखी १९ अरुंद लॉक चढावे लागतात. त्यांतले काही इमारतींच्या आणि रेल्वेपुलाच्या खाली आहेत. वीस मिनिटांना एक धरला, तर सव्वासहा तास. तेव्हा वेळापत्रकात अठरावा दिवस लिहून ठेवावा.