लघवीतील ‘ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस’ची तपासणी: आकडा काय सांगतो?

जुने शेंगदाणे खवट लागतात, कारण त्यांतील तेलाचा हवेतील ऑक्सिजनशी संयोग होतो. आपल्या पेशींच्या आवरणातही मेद असतो. शरीरात फ्री रॅडिकल्स वाढले आणि त्यांना रोखणारी अँटिऑक्सिडंट द्रव्ये कमी पडली, की हा मेदही काहीसा तसाच बिघडतो. या असमतोलाला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात.

बिघडलेल्या मेदाचे अंश लघवीत उतरतात. त्यांतला सर्वांत भरवशाचा म्हणजे आयसोप्रोस्टेन. अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठातील संशोधकांनी १९९० मध्ये तो मानवी शरीरात दाखवून दिला. रक्ताचा नमुना नीट साठवला नाही, तर त्यातील मेद नळीतच बिघडून आकडा खोटा वाढू शकतो. लघवीत मेद जवळजवळ नसतो, म्हणून तिथे ही अडचण कमी. मेलोनडायअल्डिहाइड ही तपासणी स्वस्त आहे. पण तिच्या नेहमीच्या पद्धतीत इतर पदार्थही तोच रंग देतात, त्यामुळे मी तिच्यावर फारसा विसंबत नाही.

तुमच्या तपासणी पॅकेजमध्ये यांपैकी काही वाढलेले आले, तर घाबरू नका. धूम्रपान, मधुमेह, लठ्ठपणा या सर्वांत हा आकडा वाढतो. त्यावरून एखाद्या विशिष्ट आजाराचे निदान होत नाही. सिगारेट सोडल्यावर मात्र तो दोन आठवड्यांतच उतरल्याचे आढळले आहे. आकडा पाहून लगेच अँटिऑक्सिडंट गोळ्या सुरू करू नका. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या, १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त आढळला!

या तपासणीची कीटोनच्या पट्टीशी गल्लत करू नका. शरीर इंधन म्हणून चरबी जाळते तेव्हा कीटोन तयार होतात. उपवासात लघवीत थोडे कीटोन येणे स्वाभाविक आहे. पण तुम्हाला मधुमेह असेल, उलट्या, पोटदुखी किंवा धाप असेल आणि पट्टीचा रंग गडद होत असेल, तर तडक रुग्णालय गाठा. इन्सुलिन घेत असाल तर ते स्वतःहून बंद करू नका. डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या घेणाऱ्यांत साखर फार वाढलेली नसतानाही हा धोका असतो. शिवाय ही पट्टी मुख्य कीटोन, म्हणजे बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट, मोजतच नाही. त्यामुळे रंग फिका असला तरी लक्षणे असतील तर थांबू नका.