मागून बसलेली पिकअप

आंबिया बहाराची तोड सुरू झाली की संध्याकाळी पांढुर्णा-सौंसरच्या रस्त्यांवर एक दृश्य हमखास दिसते. संत्र्यांच्या कॅरेटांनी भरलेली जुनी पिकअप, मागचा भाग खाली दबलेला, तोंड वर उचललेले, आणि तिचे दिवे समोरच्या मोटारसायकलवाल्याच्या थेट डोळ्यांत. कॅरेटांवर तोडणीचे मजूर बसलेले. गाडीवाला म्हणतो, "पाटे जरा बसलेत, चालतंय." आमच्या जुन्या पिकअपबद्दल आम्हीही दोन वर्षे हेच म्हणत होतो.

मग आम्ही एका गॅरेजात गेलो. तेथील मिस्त्रीने सल्ला दिला की, नवे पाटे कशाला, दोन्हीकडे एकेक जाड पाटा वाढवून देतो. काम स्वस्तात झाले, गाडी उंच दिसू लागली, आम्ही खूष झालो. पण रिकामी गाडी खड्ड्यात अशी आदळू लागली की मागे बसणाऱ्यांच्या कमरेचे हाल झाले. भरलेली असताना ती सिल्लेवानी घाट उतरू लागली, तेव्हा ब्रेक पूर्वीसारखे लागेनात.

त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. अनेक पिकअपमध्ये मागच्या ब्रेकचा जोर भारानुसार कमी-जास्त करणारा एक व्हॉल्व्ह असतो. त्याचा दांडा मागच्या अ‍ॅक्सलला जोडलेला असतो. चेसिस खाली आली की व्हॉल्व्हला वाटते, माल भरला आहे, मागे जोर वाढवा. पाटे बसलेले असतील तर रिकाम्या गाडीतही मागच्या ब्रेकला जास्त जोर मिळतो, आणि पावसात मागची चाके जाम होऊन गाडी घसरते. जादा पाटा घातला तर उलटे होते. गाडी भरलेली असूनही उंच राहते, व्हॉल्व्ह तिला रिकामी समजतो. पाटा वाढल्याने अ‍ॅक्सल, टायर आणि ब्रेक यांची ताकद मात्र तसूभरही वाढत नाही.

दुसरा स्वस्त उपाय म्हणजे जुने पाटे गॅसने लाल करून घणाने पुन्हा वाकवणे. हे पोलाद तापवून, तेलात विझवून, पुन्हा बेताने तापवून लवचिक केलेले असते. रस्त्याकडेच्या भट्टीत त्याचे पाणी उतरते. असा पाटा एक तर लवकर बसतो, नाही तर तुटतो.

तेव्हा आधी तपासणी करावी. रिकामी गाडी सपाट जागी उभी करून मागच्या चाकाच्या मध्यापासून बॉडीच्या कडेपर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंना मोजावे. रिकाम्या गाडीतही पाट्याची कमान सपाट झाली असेल, पाट्यावर तडा दिसत असेल किंवा सेंटर बोल्ट तुटून अ‍ॅक्सल मागे सरकला असेल, तर पाटे बदलावेत, आणि दोन्ही बाजूंचे एकदमच. एकच बदलला तर गाडी एका अंगाला कलते. नवे पाटे गाडीच्या मॉडेलप्रमाणे घ्यावेत. सोबत यू-बोल्ट, बुश आणि शॅकलच्या पिनाही नव्या घ्याव्यात. ताणलेला जुना यू-बोल्ट पुन्हा वापरू नये.

काम मिस्त्रीचेच, पण मालकाने जवळ उभे राहावे. पुढच्या चाकांना ओट लावलेली हवी. गाडीचा भार चेसिसखालच्या घोड्यांवर हवा, नुसत्या जॅकवर कोणी खाली शिरू नये. अ‍ॅक्सलला वेगळा जॅक हवा, नाही तर तो लोंबकळून ब्रेकची नळी ताणली जाते. सेंटर बोल्टचे डोके अ‍ॅक्सलवरच्या खाचेत नीट बसले पाहिजे. यू-बोल्ट आलटून-पालटून समोरासमोरचे कसावेत. रबरी बुशांचे बोल्ट मात्र गाडी चाकांवर उभी केल्यावरच शेवटचे आवळावेत, अन्यथा रबर पिळलेले राहून लवकर फाटते. काही दिवस चालवल्यावर यू-बोल्ट पुन्हा कसून घ्यावेत, कारण नवे पाटे एकमेकांवर बसताना ते सैल पडतात. हे पुष्कळजण विसरतात. दिव्यांचा झोत आणि ब्रेकचा तो व्हॉल्व्हही त्याच वेळी लावून घ्यावा.

पण मूळ दुखणे भाराचे. नोंदणीपुस्तकात भरलेल्या गाडीचे व रिकाम्या गाडीचे वजन लिहिलेले असते. समजा ते २,७०० व १,६०० किलो आहे, तर उरले १,१०० किलो. चालक व केबिनमधील दोघे मिळून १८० किलो धरले तर मालाला ९२० राहतात. भरलेले कॅरेट २२ किलोचे असेल तर ४१ कॅरेट झाले. आम्ही साठ-साठ नेत होतो, वर माणसे निराळी! २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये जादा भाराला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड लिहिला आहे. कळमन्याला दुसरी खेप करण्याचे डिझेल त्यापुढे काहीच नाही. मजुरांची सोय वेगळ्या गाडीने करावी, मालाच्या गाडीवर त्यांना बसवू नये.

काढलेले जुने पाटे भंगारात घालू नयेत. गावच्या लोहाराला द्यावेत. त्याचे विळे आणि कुऱ्हाडी चांगल्या होतात, आणि तो मजुरीत थोडे कमी करतो. आमचे दोन विळे त्याच पाट्यांचे आहेत.