माळरान

पावसाळा सरल्यावर मढच्या टेकाडावरील गवतातून चालून आलात, की कपड्यांना कुसळे चिकटतात. ती उपटताना आपण त्रासून जातो. पण त्यांची करामत पाहण्याजोगी आहे. कुसळी गवताच्या टोकदार बीजाला लांब, पीळ असलेली शेपटी असते. ओलाव्याने तो पीळ उलगडतो, उन्हाने पुन्हा वळतो. आणि असे होता होता बी मातीत शिरते. पेरणाऱ्याची गरजच नाही!

मुंबईत वर्षाला २,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. म्हणून येथील मोकळ्या जागेत गवतामागोमाग झुडपे व झाडे वाढू लागतात. घाटापलीकडे सोलापूरच्या बाजूस मात्र पाऊस ६०० मिलिमीटरांच्या आसपास, आणि पुष्कळ ठिकाणी मातीचा थरही पातळ. तेथे कुसळी, पवन्या, मारवेल अशी गवतेच मैलोगणती पसरतात. हेच माळरान होय. गवताचा वाढता कोंब जमिनीलगत असतो. त्यामुळे जनावरांनी पाती खाल्ली तरी ते पुन्हा फुटते. उन्हाळ्यात माळ करपलेला दिसतो, परंतु खाली मुळे जिवंत असतात व मातीला धरून ठेवतात.

या माळावर काळवीट चरतो, लांडगा त्याच्या मागावर असतो. चंडोल गवताच्या बुंध्याशी घरटे करतो. सर्वांत भव्य पक्षी म्हणजे माळढोक. तो सुमारे एक मीटर उंच असून नराचे वजन पंधरा किलोपर्यंत भरते. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते. शत्रू दुरून दिसावा, एवढी मोकळीक तिला लागते.

पण पुष्कळ माळ कागदोपत्री ‘पडीक’ ठरले. कोठे नांगर फिरला, कोठे कारखाने आले, तर कोठे चांगल्या हेतूने झाडे लावली गेली. झाडे लावणे हे पुण्यकर्म खरे. तथापि माळावरील दाट झाडी माळढोकाचे घर मोडते. शिवाय त्याचे डोळे डोक्याच्या बाजूंना असल्याने उडताना समोरची विजेची तार त्याला वेळीच दिसत नाही.

सोलापूर जिल्ह्यातील नान्नज येथे १९७९ मध्ये माळढोकासाठी अभयारण्य झाले. आता तेथे तो क्वचितच दिसतो. साऱ्या देशात दोनशेहूनही कमी माळढोक रानात उरले असून त्यांतील बहुतेक राजस्थानात आहेत. तेथे जैसलमेरजवळ २०१९ पासून अंडी उबवून पिल्ले वाढविली जात आहेत. ती मोठी झाल्यावर त्यांना सोडण्यासाठी माळ लागणार आहे.