व्हिडिओ खेळ, सहकारी शस्त्रझुंजीचे

दोन किंवा अधिक खेळाडूंनी परस्परांविरुद्ध न लढता एकाच पक्षाने, यंत्राने चालविलेल्या शत्रूंच्या झुंडींशी तलवार, भाला, दंड इ. हातघाईच्या शस्त्रांनी लढावयाचा व्हिडिओ खेळांचा एक प्रकार. बोलभाषेत यास मारधाडीचे खेळ म्हणतात. यांपैकी अनेक खेळ ॲनिमेशन मालिकांवर बेतलेले असून त्याचे कारण उघड आहे. अशा मालिकांत बहुधा निरनिराळ्या स्वभावांच्या व शस्त्रांच्या तीन-चार नायकांचा संघ असतो आणि खेळास नेमक्या तशाच तयार संघाची गरज असते.

या प्रकाराचा उगम नाणे टाकून खेळावयाच्या यंत्रांत आढळतो. अटारी गेम्स कंपनीच्या गाँटलेट (१९८५) या खेळात चार जण एकाच पडद्यासमोर उभे राहून खेळत. सेगाच्या गोल्डन ॲक्स (१९८९) या खेळात दोघांची सोय होती. त्याच वर्षी कोनामी या जपानी कंपनीने टीनेज म्यूटंट निंजा टर्टल्स हा खेळ आणला. मूळ कथा चित्रकथापुस्तकातील (१९८४) असली, तरी खेळाचे रूप १९८७ मध्ये सुरू झालेल्या ॲनिमेशन मालिकेवरून घेतलेले होते. चार कासवे, चार शस्त्रे आणि चार खेळाडू असा मेळ त्यात जमला. खेळाडू गतप्राण झाला की पुन्हा नाणे टाकावे लागे. त्यामुळे हे खेळ मुद्दाम कठीण ठेवण्यात व्यापारी हेतूही होता.

अलीकडील ठळक उदाहरण म्हणजे रूबी : ग्रिम इक्लिप्स हा खेळ होय. रूबी ही मालिका अमेरिकेतील ऑस्टिन येथील रूस्टर टीथ या संस्थेने जुलै २०१३ पासून इंटरनेटवर प्रसारित केली. तिचा निर्माता माँटी ऊम (१९८१–२०१५) याने व्हिडिओ खेळांतील पात्रांच्या काल्पनिक लढतींच्या ध्वनिचित्रफितींनी प्रथम नाव मिळविले होते. म्हणजे मालिकेतील झुंजींची धाटणीच मुळात खेळांवरून आली होती. पुढे एका चाहत्याने या मालिकेवर खेळाचा नमुना तयार केला आणि संस्थेने तो आपलासा करून १ डिसेंबर २०१५ रोजी अपूर्ण स्वरूपात व ५ जुलै २०१६ रोजी पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध केला. तो पाहण्यास ऊम हयात नव्हता.

या खेळात चार जणांपर्यंत खेळाडू इंटरनेटद्वारा एकत्र येतात. रूबीचा लांब दांड्याचा विळा हीच बंदूकही होते. वाइसची सरळ पात्याची तलवार आणि यांगचे मुष्टिकवच यांचे पल्ले व गती वेगवेगळ्या आहेत. एकाने शत्रूस हतबल करावे व दुसऱ्याने त्यावर जोडीने वार करावा, तसेच कोसळलेल्या साथीदारास जवळ जाऊन उठवावे, हे खेळाचे मर्म आहे. एकट्याने खेळणाऱ्याच्या वाट्याला यांपैकी काहीच येत नाही व त्यास तोच खेळ एकसुरी वाटू लागतो.

दूरस्थ खेळाडूंची झुंज जुळविणे हे तांत्रिक दृष्ट्या अवघड काम आहे. सेकंदास ६० चित्रे दाखविणाऱ्या खेळात एका चित्रास सु. १७ मिलिसेकंद मिळतात. साथीदाराच्या यंत्राचा संदेश पोहोचण्यास १०० मिलिसेकंद लागले, तर त्याची हालचाल सहा चित्रे मागे पडते आणि एका पडद्यावर मेलेला शत्रू दुसऱ्या पडद्यावर वार करीत राहतो. म्हणून शत्रू जिवंत की मृत, याचा अंतिम निर्णय एकाच यंत्राकडे सोपवितात. इतर यंत्रे तूर्त अंदाजाने चित्र काढून मागाहून ते दुरुस्त करतात.

जाळ्यावरील अवलंबनाची दुसरी बाजू आयुर्मानाची आहे. जुन्या नाणेयंत्रास वीज पुरे. या खेळांना साथीदार व त्यांना जोडणारी सेवा दोन्ही लागतात. मार्च २०२४ मध्ये रूस्टर टीथ बंद करण्याचे जाहीर झाले आणि त्याच वर्षी रूबीचे हक्क व्हिझ मीडिया या कंपनीकडे गेले. २०२१ मधील निंटेंडो स्विच आवृत्तीत एकाच पडद्याचे भाग पाडून खेळण्याची सोय केलेली होती. टिकाऊपणाच्या दृष्टीने ती सर्वांत शहाणपणाची म्हणावी लागेल.

भारतात घरोघरी खेळयंत्र किंवा संगणक येण्यापूर्वी मोबाइल आला. यवतमाळसारख्या जिल्ह्यांतील मुलांना चौघांच्या चमूची ओळख झाली, ती पब्जी मोबाइल (२०१८) या बंदुकीच्या खेळातून. केंद्र शासनाने सप्टेंबर २०२० मध्ये त्यावर बंदी घातली. येथील ॲनिमेशन मालिकांवरील खेळ मात्र प्रायः एका बोटाने, एकट्यानेच खेळावयाचे असतात. सिंघम चित्रपटातील (२०११) मराठी पोलीस अधिकाऱ्यावरून रिलायन्स ॲनिमेशनने लिटल सिंघम ही मालिका काढली (२०१८). तिच्यावरील झपॅक कंपनीचा मोबाइल खेळही अखंड धावण्याचा आहे. स्वस्त मोबाइलवर चालणारे खेळ काढण्यात चूक नाही. पण मालिकेतील सवंगडी त्यात वाया जातात, हे खरे.

शस्त्रझुंजीचा कसदार खेळ महाराष्ट्रात घडू शकतो, हे पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या संस्थेने राजी : ॲन एन्शंट एपिक (२०२०) या खेळाने दाखविले. तो कोणत्याही मालिकेवर आधारलेला नाही. २०१७ मध्ये लोकवर्गणीचा प्रयत्न फसल्यावर संस्थापकांपैकी श्रुती घोष यांनी स्वतःचे घर विकून काम चालू ठेवले. चित्रशैलीवर पहाडी लघुचित्रांचा प्रभाव असून मधले कथाप्रसंग छायाबाहुल्यांच्या रीतीने सांगितले आहेत. दैत्यांनी पळविलेल्या धाकट्या भावाच्या शोधार्थ नायिका त्रिशूळ व धनुष्य घेऊन एकटीच लढते. दुसऱ्या खेळाडूची सोय त्यात नाही. २०२० च्या द गेम अवॉर्ड्स या पुरस्कारांत पदार्पणाच्या उत्कृष्ट स्वतंत्र खेळासाठी राजीस नामांकन मिळाले होते.