शॉक ट्रीटमेंटनं मेंदूत नेमकं काय होतं?
सिनेमातला आरडाओरडा विसरा. पाटण असो की पुणे, २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय ईसीटी, म्हणजे शॉक ट्रीटमेंट, देता येत नाही. रुग्ण गाढ झोपेत असतो, पायाची बोटं जेमतेम थरथरतात, विजेच्या धक्क्यानं येणारी आकडी साधारण मिनिटभरात ओसरते.

२०१२ मध्ये ॲबर्डीनच्या संशोधकांनी तीव्र नैराश्याच्या ९ रुग्णांचे ईसीटीच्या उपचारांआधी आणि नंतर एफएमआरआय, म्हणजे मेंदूचं काम दाखवणारे स्कॅन, काढले. कपाळामागे डावीकडे असलेल्या भागाची मेंदूतल्या इतर भागांशी जोडणी उपचारांनंतर कमी झाली होती, नैराश्यही उतरलं होतं. ९ रुग्ण म्हणजे पुरावा तोकडाच. पुढच्या अभ्यासांत काही जोडण्या वाढलेल्याही दिसल्या.

ईसीटीनंतर विसराळूपणा येऊ शकतो, त्याबद्दल डॉक्टरांना आधीच विचारा. मदतीसाठी टेलि-मानस ही मानसिक आरोग्य हेल्पलाइन: १४४१६.